दिघ्याचं धरण आणि ‘साहेबाचं काम’

पाऊस लागला की नवी मुंबईत दिघ्याच्या इलठणपाड्यातल्या ब्रिटिशकालीन धरणाचा व्हिडिओ आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर येतोच. सोबतचा मजकूर ठरलेला: ‘साहेबाचं काम आहे, कधी फुटायचं नाही. गळती नव्हे, डोंगराचा झरा. धरण चिमुकलं, बिनधास्त या.’ या भरवशावर माणसं पोराबाळांना घेऊन भिंतीखाली बसतात, म्हणून हे लिहितोय.

रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून हे धरण बांधलं. काम चोख असेलही. पण खडकवासल्याची दगडी भिंतही इंग्रजांच्याच काळातली होती. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं आणि त्या लोंढ्यापुढे तीही टिकली नाही. शिवाय पायाखाली शिरलेलं पाणी भिंतीला वर उचलू पाहतं. हा जोर इंजिनिअर गंभीरपणे धरू लागले ते 1895 साली फ्रान्समधलं बूझी धरण फुटल्यावर. त्याआधीच्या भिंतींत तो हिशेब सहसा नसतोच.

आता झरा. जुन्या बांधकामातला चुना झिरपत्या पाण्यात विरघळतो आणि दगडांवर पांढरे ओघळ धरतात. थोडं ठिबकणं दगडी धरणाला नवीन नाही. पण तलाव भरेल तसं ते वाढत असेल, तर ते तलावाचंच पाणी. गढूळ येऊ लागलं, तर आतलं काहीतरी वाहून चाललंय. हे मोजून कळतं, व्हिडिओ बघून नाही. आमच्या गावच्या विहिरीच्या दगडांत करंगळीएवढं पिंपळाचं रोप आलं होतं. कुणी उपटलं नाही. काही पावसाळ्यांत अख्खा चिरा तीन बोटं पुढे सरकला. दर्जा, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांच्या फटी, वेळेवर भरल्या नाहीत की दगडी कामाचं असंच होतं.

‘चिमुकलं’ म्हणणाऱ्यांनी चिपळूणचं तिवरे आठवावं. ते मातीचं होतं, कबूल, पण लहानच होतं. 2 जुलै 2019 च्या रात्री ते फुटलं आणि वीसच्या आसपास माणसं गेली. 2021 चा धरण सुरक्षा कायदा मुख्यतः 15 मीटरहून उंच धरणांसाठी आहे. 10 ते 15 मीटरची अटी बसल्या तरच येतात. म्हणजे लहान धरणाकडे जास्त डोळे लावायला हवेत, आणि इथे तर उताराला दाट वस्ती आहे.

बिनधास्त? सांडव्यावरच्या शेवाळावर चप्पल ठरत नाही, आणि त्यासाठी धरण फुटावंही लागत नाही.

यंदा व्हिडिओ आला की मी खाली एवढंच विचारणार आहे: शेवटची तपासणी कधी झाली, आणि तिचा अहवाल इलठणपाड्यातल्या लोकांना कुणी वाचून दाखवला?