अंगठा जरासा सरकवावा

वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी सराव प्रश्न सोडवावेत, हे आता कुणाला सांगावं लागत नाही. अडचण वेगळीच आहे. स्वतःची स्वतः घ्यायची चाचणी जरा बेसावधपणे दिली, तर आपल्याला नेमकं काय येत नाही ते कळून जातं. मग जीव खालीवर होतो, दोन धडे पुन्हा काढावे लागतात, ठरवलेली संध्याकाळ हातची जाते. हजारो प्रश्न सोडवायचे आणि तरीही आपलं अज्ञान जसंच्या तसं शाबूत ठेवायचं, याला शिस्त लागते. ती मी स्वतः पाळलेली आहे, म्हणून चार शब्द सांगायचं धाडस करतोय.

सुरुवात अंगठ्यापासून. प्रश्नसंचात उत्तरं पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेली असतात. त्यांवर डाव्या हाताचा अंगठा ठेवायचा. हा तुमच्या प्रामाणिकपणाचा पुरावा. मग प्रश्न वाचायचा: खालीलपैकी कोणती रक्तवाहिनी ऑक्सिजनयुक्त रक्त वाहून नेते? पर्याय चार. पल्मनरी (म्हणजे फुप्फुसाची) आर्टरी, पल्मनरी व्हेन, सुपीरियर व्हेना कावा, हिपॅटिक व्हेन. वीसेक सेकंद भुवया आकसून विचार केल्यासारखं करायचं. तेवढ्यात अंगठ्याला रग लागते. तो जरासा सरकतो. कुणी मुद्दाम सरकवत नाही, त्याचं तोच सरकतो. खालचा ‘ब’ ओझरता दिसतो आणि मन म्हणतं, ‘हेच तर म्हणत होतो!’ या वाक्यातला ‘तर’ फार महत्त्वाचा. तो उच्चारला की प्रश्न बरोबर धरायला हरकत नसते. मनातल्या मनात ‘अ’वर खूण झाली होती, ही गोष्ट मनातल्या मनातच राहते.

उत्तर बघितलंत, ठीक. पण त्याखालचं स्पष्टीकरण चुकूनही वाचू नका. या प्रश्नाच्या स्पष्टीकरणात एखादीच ओळ असते: हृदयापासून दूर रक्त नेते ती आर्टरी, हृदयाकडे आणते ती व्हेन, नावाचा ऑक्सिजनशी संबंध नाही. ओळ साधी दिसते, पण घातक आहे. ‘आर्टरी म्हणजे शुद्ध रक्त’ हे शाळेपासून जपलेलं सूत्र ती एका फटक्यात मोडते. वर पुढे कधी गर्भाच्या नाळेचा प्रश्न आला, तर ऑक्सिजनयुक्त रक्त वारेकडून गर्भाकडे नेणारी वाहिनी व्हेनच असते, हेही न शिकवता कळून बसतं. म्हणजे एका ओळीपायी दोन प्रश्न कायमचे हातचे गेले! त्यापेक्षा ‘पल्मनरीचं उत्तर ब’ एवढंच लक्षात ठेवावं. सुटसुटीत असतं.

बरोबर आलेल्या प्रश्नांची स्पष्टीकरणं तर कुणीच वाचत नाही. त्याबद्दल वेगळं काही सांगायला नको.

आता अंदाजपंचे. नीटसारख्या परीक्षेत बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकीला १ वजा. चार पर्यायांच्या ४० प्रश्नांवर डोळे मिटून खुणा केल्या तरी सरासरीने १० बरोबर येतात, आणि ३० चुकांचे वजा जाऊनसुद्धा १० गुण उरतात. परीक्षेत तो व्यवहार वाईट नाही. सरावात मात्र काही अतिउत्साही मंडळी तुक्का मारलेल्या प्रश्नापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवतात. त्यांच्या नादी लागू नका. प्रश्नचिन्ह नसलं की ते दहाच्या दहा प्रश्न ‘येतात’च्या खात्यात जमा होतात, आणि दैवाने दिलेलं परत करायची पद्धत आपल्यात नाही.

यापुढचं तंत्र मला सर्वांत प्रिय आहे. त्याला आपण सगळे ‘सिली मिस्टेक’ म्हणतो. समजा, १८० प्रश्नांच्या चाचणीत १३८ बरोबर, ३२ चूक, १० सोडलेले. गुण ५२०. हा आकडा घेऊन घरात कुणापुढे जायचं? मग लाल पेन बाजूला ठेवायचं आणि चुकलेले ३२ प्रश्न मायेने पुन्हा वाचायचे. इथे ‘अयोग्य विधान निवडा’ होतं, मी योग्य निवडलं: सिली. इथे सेंटिमीटरचं मीटर करायचं राहिलं: सिली. इथे सूत्रच आठवलं नाही, पण आठवलं असतं तर आलंच असतं: अर्थात सिली. असे २२ निघतात, निघायलाच हवेत. एक चूक सिली ठरली की एकदम पाच गुण मिळतात, न मिळालेले चार आणि कापलेला एक. बावीस पाचा एकशे दहा. खरे गुण ६३०! अभ्यास करून एका बैठकीत ११० गुण वाढवलेला माणूस मला दाखवा.

फक्त एक पथ्य पाळा. या महिन्यातल्या सिली चुका मागच्या महिन्यातल्या सिली चुकांशेजारी मांडून बघू नका. ‘अयोग्य’ हा शब्द वाचायचा राहणं सलग सहाव्यांदा घडलेलं दिसलं, की त्याला सिली म्हणताना जीभ अडखळते.

घड्याळाचं काय? लावा, जरूर लावा. पण पॉजचं बटण हाताशी असू द्या. फोन आला, पॉज. पाणी प्यायचं, पॉज. अवघड प्रश्न आला, तर सगळ्यांत आधी पॉज. विचार करण्याचा वेळ मोजणं हा विचारांवर अन्याय आहे. नीटमध्ये १८० प्रश्नांना १८० मिनिटं मिळतात, अमेरिकेतल्या वैद्यकीय प्रवेशाच्या एमकॅट परीक्षेत विज्ञानाच्या प्रत्येक विभागात ५९ प्रश्नांना ९५, आणि मधल्या सुट्ट्या धरून तिथे सात तासांहून जास्त बसावं लागतं. हे सगळं तुम्ही पलंगावर आडवं पडून, दहा-दहा प्रश्नांचे तुकडे करून, आठवडाभरात आरामात उरकू शकता. शेवटच्या तासात मेंदूचा कसा भुगा होतो, हे ऐन परीक्षेतच कळलं तर त्यात निदान नावीन्य राहतं. नियमही वाचत बसू नका. एमकॅटमध्ये चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणजे तिथे प्रश्न रिकामा सोडणं हा शुद्ध तोटा. नीटमध्ये कापतात. आपली परीक्षा कोणती, हा तपशील झाला.

धडे निवडताना मन मोठं नको. जो धडा आवडतो, तोच पुन्हा पुन्हा सोडवावा. मानवी पुनरुत्पादनाची चाचणी आजवर कुणाला कमी वेळा द्यावीशी वाटलेली नाही, आणि भौतिकशास्त्रातल्या रोटेशनल मोशनकडे स्वतःहून गेलेला मी अजून पाहिलेला नाही. तीच चाचणी तिसऱ्यांदा द्या. पहिल्यांदा साठ टक्के, दुसऱ्यांदा अठ्ठ्याहत्तर, तिसऱ्यांदा त्र्याण्णव. आलेख काढून भिंतीवर लावा. तिसऱ्या खेपेला तुम्ही प्रश्न वाचतच नाही, ‘गर्भाशयाचं चित्र आहे ना, मग क’ एवढंच होतं. पण आलेखाला ते कुठे ठाऊक असतं?

इतकं करूनही कुणी तरी शास्त्राचा दाखला देतंच. २००६ साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात वाचला आणि मग तीन सत्रांत उतारा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणाऱ्यांना सुमारे ८३ टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ७१. आठवड्याने पुन्हा विचारलं, तेव्हा वाचणारे ४० वर घसरले होते आणि दुसरे ६१ वर होते. गंमत म्हणजे आपल्या लक्षात राहील याची खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त होती. लोक यातून काही भलताच अर्थ काढतात. मला यात स्वच्छ मार्गदर्शन दिसतं: आठवडाभर थांबायला सांगितलंय कुणी? धडा वाचा, पुस्तक मिटा, आणि पाचव्या मिनिटाला त्याच धड्याचे प्रश्न सोडवा. आकडा सुंदर येतो. तो लगेच मित्रांना कळवा. पुढच्या गुरुवारी त्या धड्याकडे फिरकायचं नाही, म्हणजे दोस्तीही टिकते आणि खात्रीही.

चुकांची वही हा प्रकार मात्र नाकारू नका. वही घ्याच. जाड पुठ्ठ्याची, शंभर पानी. पहिल्या पानावर तीन रंगांत शीर्षक, समासाला पट्टीने दुहेरी रेघ, रकाने चार: प्रश्न, माझं उत्तर, बरोबर उत्तर, का चुकलं. माझी वही अजून जपून ठेवली आहे. तिच्यात चार चुका आहेत, सगळ्या एकाच दिवशीच्या, आणि अक्षर पाहत राहावं असं. ‘का चुकलं’ या रकान्यात चारही ठिकाणी ‘घाईत’ लिहिलंय. पुढची अठ्ठ्याण्णव पानं कोरी आहेत, म्हणजे त्या दिवसानंतर माझ्या हातून चूक झालेली नाही असंच बघणाऱ्याला वाटेल.

एवढी तयारी झाली की परीक्षेचा दिवस उजाडतो. तुम्ही पेपर उघडता. जीवशास्त्राच्या दुसऱ्याच पानावर तो असतो: गर्भाकडे ऑक्सिजनयुक्त रक्त नेणारी नाळेतली वाहिनी कोणती? नजर आर्टरीवर जाते, मग व्हेनवर, मग परत आर्टरीवर. ‘पल्मनरीचं उत्तर ब’ हे पक्कं आठवतं, पण इथे पल्मनरी नाही. डावा अंगठा सवयीने पानाच्या तळाशी जाऊन बसलेला असतो. वीसेक सेकंदांनी त्याला रग लागते. तो जरासा सरकतो. खाली बारीक अक्षरांत छापलेलं असतं: कच्च्या कामासाठी जागा.