अंड्याचे पैसे कोणी द्यायचे?

शाळेतल्या मुलांना आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं, असा निर्णय महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतला होता. न खाणाऱ्यांना केळं. अंड्यामागे पाच रुपये आणि वर्षातले २३ आठवडे धरले, तर एका मुलामागे वर्षाला ११५ रुपये होतात. जानेवारी २०२५ मध्ये नवा शासन निर्णय निघाला आणि अंड्यासाठीचा निधी बंद झाला. अंडा पुलाव आणि गोड पदार्थ ऐच्छिक ठरले. ते द्यायचे असतील तर अंडी आणि साखर लोकसहभागातून मिळवा, असं शाळांना सांगण्यात आलं.

आमच्या अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यावरून बराच वाद झाला. काहींचा अंड्यालाच विरोध होता. काहींचं म्हणणं, सरकारने फुकट किती वाटायचं, ज्यांची ऐपत आहे त्यांनी पैसे भरावेत. आणि काहींनी अगदी मनापासून सुचवलं की आपण वर्गणी काढू, एखाद्या तालुक्यातल्या शाळांची अंडी आपल्याकडून. पहिल्या आक्षेपाला मी फार वेळ देणार नाही. केळ्याची सोय होती, जबरदस्ती कुणावरच नव्हती. बाकीच्या दोन्ही वाटा मात्र मी जिथे राहते तिथे तुडवून झाल्या आहेत, त्या कुठे जातात ते मी पाहिलं आहे.

अमेरिकेत शाळेतल्या जेवणाचा राष्ट्रीय कायदा १९४६ चा, अध्यक्ष ट्रुमन यांच्या सहीचा. देशाची सुरक्षा, मुलांचं आरोग्य आणि शेतमालाचा खप ही कारणं कायद्याच्या सुरुवातीलाच लिहिली आहेत. आजची रचना तीन पायऱ्यांची आहे. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत असेल तर जेवण मोफत, १८५ टक्क्यांपर्यंत असेल तर सवलतीत म्हणजे दुपारच्या जेवणाला जास्तीत जास्त ४० सेंट, आणि त्याच्या वर पूर्ण दर. चौघांच्या कुटुंबासाठी २०२४-२५ साली ही वरची मर्यादा ५७,७२० डॉलर होती. घरभाडं आणि डॉक्टरची बिलं भागवताना या पगारात काय हाल होतात ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. पण मर्यादेच्या शंभर डॉलर वर गेलात की तुम्ही 'ऐपतवाले', आणि मुलाच्या जेवणाचे पूर्ण पैसे तुमच्याकडून.

माझी मुलगी पहिली-दुसरीत असताना मी तिच्या शाळेच्या कॅफेटेरियात मदतीला जायचे. लहान मुलांना दुधाचे खोके उघडता येत नाहीत, ते उघडून द्यायचे, सांडलेलं पुसायचं. रांगेच्या शेवटी एक छोटं कीपॅड असे. मूल ट्रे घेऊन यायचं, आपला नंबर दाबायचं, आणि गल्ल्यावरच्या बाईंच्या स्क्रीनवर त्याच्या खात्यातली शिल्लक दिसायची. शिल्लक उणे असली की त्या वाकून हळू आवाजात म्हणत, "घरी आईला सांग हं." त्यांचा आवाज खरोखर मायेचा होता. पण मागे उभ्या असलेल्या सात वर्षांच्या मुलांना सगळं कळतं. असं दोनदा झालेला एक मुलगा नंतर रांगेत येईनासा झाला. विचारलं की "भूक नाही" म्हणायचा आणि दुसऱ्यांच्या ताटांकडे बघत बसायचा.

देशातल्या काही शाळांमध्ये तर उधारी वाढली की गरम जेवणाऐवजी चीजचं थंड सँडविच हातात द्यायची पद्धत होती. कुठे ताट काढून घेऊन कचऱ्यात टाकलं जाई. मुलांना असं लाजवण्यावर बंदी घालणारा पहिला कायदा न्यू मेक्सिको राज्याने केला, तोही २०१७ मध्ये.

त्यात पैसे भरायच्या पोर्टलची भर. खात्यात पैसे टाकायला प्रत्येक वेळी वेगळं शुल्क. मी एकदम शंभर डॉलर भरायचे, मला ते जाणवायचं नाही. ज्या आईच्या हातात आठवड्याला पाच-दहा डॉलरच असतात, तिला दर वेळी तेच शुल्क. ग्राहकांच्या आर्थिक हितरक्षणासाठी असलेल्या अमेरिकेच्या केंद्रीय यंत्रणेने जुलै २०२४ मध्ये हिशोब मांडला, तेव्हा दिसलं की सवलतीत जेवणाऱ्या मुलांच्या घरांना एका डॉलरच्या जेवणामागे ६० सेंटपर्यंत शुल्क पडू शकतं. 'ज्यांना परवडतं त्यांच्याकडून घ्या' म्हणणाऱ्यांनी हा आकडा डोळ्यासमोर ठेवावा. कुणाला परवडतं ते ठरवायला फॉर्म लागतो, फॉर्म तपासायला माणूस लागतो, पैसे घ्यायला यंत्रणा लागते, आणि या सगळ्याचा खर्च शेवटी त्या जेवणावरच बसतो.

आता वर्गणी. मिनेसोटाची राजधानी सेंट पॉल इथल्या एका शाळेत फिलांडो कॅस्टिल हा तरुण कॅफेटेरिया सांभाळायचा. मुलांची नावं आणि कुणाला कशाची अ‍ॅलर्जी आहे हे त्याला पाठ होतं, असं त्याचे सहकारी सांगतात. खात्यात पैसे नसलेल्या मुलांचे पैसे तो आपल्या खिशातून भरायचा. जुलै २०१६ मध्ये एका पोलिसाने रस्त्यावर गाडी थांबवून त्याला गोळ्या घातल्या. पुढे त्याच्या नावाने निधी उभा राहिला, पैशांचा ओघ लागला आणि सेंट पॉलच्या शाळांमधली मुलांची सगळी उधारी फेडली गेली. मला त्या देणगीदारांबद्दल आदरच आहे. पण उधारी ज्या नियमाने साठत होती तो नियम जागच्या जागी होता, त्यामुळे नव्या वर्षी नवी उधारी साठायला लागली.

ती थांबली कायद्याने. करोनाच्या काळात अमेरिकेच्या केंद्र सरकारने देशभर सगळ्या मुलांना जेवण मोफत केलं होतं, जून २०२२ मध्ये ते संपलं. कॅलिफोर्निया आणि मेन या राज्यांनी ते आपल्या तिजोरीतून पुढे चालू ठेवलं. मार्च २०२३ मध्ये मिनेसोटाच्या राज्यपालांनी तशाच कायद्यावर सही केली. त्या वर्षीच्या शरद ऋतूपासून आमच्या शाळांमध्ये नाश्ता आणि दुपारचं जेवण प्रत्येक मुलाला मोफत आहे.

सगळं सुरळीत झालं असं नाही. पोटभर जेवणाऱ्या मुलांची संख्या वाढली, त्यामुळे खर्च अंदाजाच्या वर गेला आणि 'श्रीमंतांच्या मुलांना फुकट का' हा प्रश्न विधिमंडळात परत आला. उत्पन्नाचे फॉर्म पालक भरेनासे झाले. शाळांना मिळणारं काही अनुदान त्याच फॉर्मवर ठरतं, म्हणून 'जेवण मोफत असलं तरी फॉर्म भरा' अशी पत्रं आम्हाला येत राहतात. आणि जेवणाचं म्हणाल तर पिझ्झा, नगेट्स यांचं राज्य अजून आहेच. फळ किंवा भाजी ताटात घ्यावीच लागते, पण न चावलेलं सफरचंद टोपलीत जातं. आमच्या शाळेत एक टेबल ठेवलं आहे. नको असलेलं फळ, न उघडलेलं दूध तिथे ठेवायचं, ज्याला हवं त्याने उचलायचं. ते टेबल रोज रिकामं होतं.

महाराष्ट्राबद्दल मला म्हणायचं आहे ते इथेच. मिनेसोटा २०२३ मध्ये जिथे पोहोचलं, तिथे आपली जिल्हा परिषदेची शाळा कितीतरी आधीपासून आहे. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये शिजवलेलं अन्न द्या असा आदेश दिला आणि शाळेच्या पटावर आहे तो जेवणार, एवढा एकच निकष राहिला. उत्पन्नाचा दाखला नाही, खातं नाही, शिल्लक नाही. सरपंचाचा नातू आणि ऊसतोड मजुराची मुलगी एकाच पातेल्यातली खिचडी खातात. जातीपातीने ताटं वेगळी व्हायच्या घटना घडतात, हे मला माहीत आहे. पण सरकारी नियम तरी सगळ्यांना एका पंगतीला बसवतो, आणि याची किंमत इथे राहून मला जास्त कळली.

माझी नणंद सोलापूर जिल्ह्यात शिक्षिका आहे. तिच्या शाळेत अंड्याच्या दिवशी स्वयंपाकाच्या ताई तासभर आधी यायच्या. अंडी उकडून, सोलून, मीठ-तिखट लावून ठेवायच्या. वर्गात वास पोहोचला की गणित थांबायचं, असं ती सांगते. त्या दिवशी हजेरी चांगली असायची. अंडी आणली की चव रजिस्टरमध्ये, म्हणजे जेवण चाखून पाहिल्याची नोंद करायच्या वहीत, सही करण्याआधी ती स्वतः मोजायची, कारण एकही कमी पडून चालत नसे.

आता लोकसहभागाचा प्रश्न घ्या. बागायती गावात साखर कारखान्याचा संचालक अंडी देईल, वाढदिवसाला गोडही देईल. नणंदेच्या शाळेच्या पुढच्या वस्तीवर, जिथले अर्धे पालक दिवाळीनंतर तोडीला जातात, तिथे कोण देणार? जिथे अंड्याची गरज सर्वांत जास्त, तिथेच देणारा हात नसतो. आणि जो देतो तो अंडंच का, लाडू देऊ असंही म्हणू शकतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी आढळली. तीच मुलं पहिलीच्या वर्गात येऊन बसतात. त्यांच्या ताटातली प्रथिनं कुणाच्या मर्जीवर सोडता येत नाहीत. तमिळनाडूत आठवड्याचे पाच दिवस अंडं मिळतं, तेव्हा हे जमत नाही असंही नाही.

घोटाळ्यांचं काय, हे ग्रुपवर हमखास विचारलं जातं. मिनेसोटातच करोनाकाळात मुलांच्या जेवणाच्या केंद्रीय योजनेत सुमारे २५ कोटी डॉलरचा घोटाळा झाला. पण तो झाला कुठे? शाळेबाहेरच्या कागदी केंद्रांवर, जिथे मुलं नव्हतीच, फक्त त्यांच्या नावांच्या याद्या होत्या. आपल्याकडे शाळेच्या ओट्यावर मुलं डोळ्यांसमोर जेवतात, शिक्षक आधी चव घेतात, आया कधीही येऊन पातेल्यात डोकावू शकतात. चोरी पकडायची तर हीच जागा बळकट करायला हवी. त्याच ओट्यावर राबणाऱ्या स्वयंपाकी-मदतनिसांच्या मानधनाचा भारत सरकारचा निकष २००९ पासून महिना १००० रुपयांवर अडकला आहे, तोही वर्षाचे दहाच महिने. राज्यं वर काही घालतात, पण मूळ आकडा तोच.

म्हणून वर्गणीबद्दल माझं मत मी ग्रुपवर स्पष्ट लिहिलं. या वर्षी पैसे द्यायचे असतील तर जरूर द्या, मीही देईन. पोरांना निर्णय बदलेपर्यंत थांबायला सांगता येत नाही. पण पुढच्या वर्षीही आपणच देत राहिलो, तर सरकारला हा खर्च पुन्हा उचलायचं कारणच उरणार नाही. त्यापेक्षा ताटल्या, पाण्याचा फिल्टर, गॅसची शेगडी अशी एकदाच लागणारी वस्तू द्यावी, आणि सोबत आपापल्या मतदारसंघाच्या आमदाराला पत्र पाठवावं. आपले आईवडील, भाऊ-बहिणी तिथले मतदार आहेत, त्यांच्या सह्या घ्याव्यात. मागणी साधी आहे: अंड्याचे पैसे इंधन-भाजीपाल्याच्या अनुदानासारखे कायमचे अर्थसंकल्पात धरावेत, केळ्याचा पर्याय तसाच ठेवावा, आणि दर बाजारभावाप्रमाणे बदलावा. हिवाळ्यात पाच रुपयांना अंडं मिळत नाही. वरचा रुपया-दीड रुपया नणंदेच्या शाळेत योजना चालू होती तेव्हाही शिक्षकांच्याच खिशातून जात होता.