‘शिक्षक संघटना फक्त पगारासाठी भांडतात’ : त्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

शिक्षकांचा मोर्चा निघाला की तो मेसेज पुन्हा फिरू लागतो. ५ डिसेंबर २०२५ रोजी शिक्षकांनी राज्यभर शाळा बंद ठेवून आंदोलन केले, तेव्हाही तो गावच्या ग्रुपवर आला, भावकीच्या ग्रुपवर आला आणि ज्यांची मुले माझ्या वर्गात बसतात त्या पालकांच्या ग्रुपवरही आला. मजकूर थोडक्यात असा : संघटना पगार-पेन्शन सोडून कशासाठीच भांडत नाहीत, लाखभर पगार घेणाऱ्यांना पेन्शन कशाला, संपाने मुलांचे नुकसान होते आणि हाती काही लागत नाही, टीईटीला, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेला, घाबरून गुरुजी रस्त्यावर उतरतात, सगळे ऑनलाइन झाल्यावर संघटना हवीच कशाला, पुढारी वर्गात जात नाहीत, त्यांचा डोळा आमदारकीवर असतो, आणि शेवटी, गावाने आता गुरुजींना जाब विचारावा.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो आणि तालुक्यात संघटनेचे काम करतो. माझी बाजू ठरलेली आहे, पण खाली ज्या शासननिर्णयांचा उल्लेख येईल ते कुणालाही काढून वाचता येतील. आता एकेक मुद्दा घेऊ.

‘पगार-पेन्शनपलीकडे काही मागत नाहीत.’

मागण्यांचे निवेदन वाचले असते तर हे वाक्य लिहिताच आले नसते. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचा विषय शिक्षण विभागाने पुढे आणला. पुणे जिल्ह्यातले पानशेत आणि नंदुरबारमधले तोरणमाळ ही त्यासाठी दाखवलेली उदाहरणे. राज्यात अशा कमी पटाच्या शाळा सुमारे १५ हजार. संघटनांनी याला कडाडून विरोध केला. आता हिशेब करा. शाळा बंद झाली तर कायम शिक्षकाची नोकरी जात नाही, त्याचे दुसऱ्या शाळेत समायोजन होते आणि पगार चालू राहतो. उलट वाडीवरच्या दोनशिक्षकी शाळेतून मोठ्या गावच्या शाळेत गेलेल्या शिक्षकाची सोयच होते. तोटा होतो तो दुसरीतल्या मुलीचा, जिला ओढा ओलांडून जावे लागणार आणि पावसाळ्यात आई पाठवणार नाही. केवळ स्वतःचे बघणाऱ्या संघटनेने त्या प्रस्तावावर गप्प बसायला हवे होते.

१५ मार्च २०२४ च्या संच मान्यतेच्या निर्णयाचेही तसेच. कोणत्या शाळेला किती शिक्षक मंजूर, हे संच मान्यतेत ठरते. नव्या निकषांत सहावी ते आठवीचा पट वीसच्या खाली असेल तर त्या वर्गांसाठी शिक्षकाचे पदच मिळत नाही. सह्याद्रीच्या कुशीतल्या, मेळघाटातल्या, कोकणातल्या कितीतरी गावांत सहावी-सातवीला मिळून वीस मुले भरत नाहीत. तिथल्या मुलांना गणित आणि विज्ञान कोणी शिकवायचे? सप्टेंबर २०२४ मध्ये शिक्षकांनी सामूहिक रजा टाकून जिल्ह्याजिल्ह्यांत मोर्चे काढले, त्यातला मुख्य विषय हाच होता, आणि छोट्या शाळांत कंत्राटी शिक्षक नेमण्याचा निर्णय हा दुसरा. ५ डिसेंबरच्या मागण्यांतही संच मान्यता होती. मेसेज लिहिणाऱ्याने ती ओळ गाळली.

अशैक्षणिक कामांचा विषय तर संघटनांनी वर्षानुवर्षे लावून धरला आहे. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ सांगते की दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना इतर बिगरशैक्षणिक काम देऊ नये. प्रत्यक्षात माहितीचे तक्ते, पोषण आहाराच्या रोजच्या नोंदी, ‘आजच्या आज पाठवा’ असे सांगून मागवलेल्या लिंक, हे सगळे वर्ग चालू असताना करावे लागते. २०२३ मध्ये नवभारत साक्षरता कार्यक्रमाच्या, म्हणजे निरक्षर प्रौढांच्या, सर्वेक्षणावर संघटनांनी बहिष्कार टाकला आणि ‘आम्हाला शिकवू द्या’ ही घोषणा दिली. त्या घोषणेत पैशाचा शब्दसुद्धा नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये शासनाने शिक्षकांच्या कामांचे शैक्षणिक आणि अशैक्षणिक असे वर्गीकरण करणारा निर्णय काढला, तो या दबावामुळेच, असे माझे ठाम मत आहे. त्याची अंमलबजावणी मात्र अजून भांडून करून घ्यावी लागते.

‘लाखभर पगार, वर पेन्शन कशाला?’

वीस-पंचवीस वर्षे सेवा झालेल्या शिक्षकाचा पगार चांगला आहे आणि तो चांगलाच असायला हवा. पण नोकरीची सुरुवात कशी होते ते बघा. पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून काढायची. डिसेंबर २०२२ पर्यंत प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला महिन्याला ६,००० रुपये मिळत. मराठवाड्यातला मुलगा सिंधुदुर्गात किंवा पालघरला खोली भाड्याने घेऊन या पैशांत राहत होता. जानेवारी २०२३ पासून ते मानधन १६,००० झाले. त्यात न्यायालयाच्या ताशेऱ्यांचा मोठा वाटा होता हे खरे, पण तोवर हा विषय दर अधिवेशनात, दर निवेदनात कोण जिवंत ठेवत होते?

पेन्शनबद्दल मला जास्त सांगायचे आहे. १ नोव्हेंबर २००५ नंतर नेमणूक झालेल्यांना दरमहा ठरलेले पेन्शन देणारी जुनी निवृत्तिवेतन योजना नाही. लोकांना वाटते, हा साठीनंतरच्या सुखाचा प्रश्न आहे. मी तो एका घराच्या ओसरीवर बसून पाहिला. आमच्या तालुक्यातला एक शिक्षक दुचाकीच्या अपघातात गेला. २००५ नंतरची नेमणूक, दोन लहान मुले. तेव्हा त्याच्या कुटुंबाला निवृत्तिवेतन लागू नव्हते. तेराव्यानंतर संघटनेचे तिघे जण त्या वहिनींसमोर फाईल घेऊन बसले : मृत्यूचा दाखला, वारसाचा दाखला, सेवापुस्तकाची अखेरची पडताळणी, गटविम्याचा अर्ज, पगारातून कापून गेलेल्या रकमेचा हिशेब, अनुकंपेचा अर्ज. हिशेबाच्या पावत्याच अर्ध्या वर्षांच्या नव्हत्या. वहिनी प्रत्येक कागदावर सही करत होत्या आणि मध्येच विचारत होत्या, “भाऊ, दर महिन्याला काही येईल का हो?” त्या प्रश्नाला उत्तर नव्हते. तालुक्यातल्या शिक्षकांनी केंद्रनिहाय (केंद्र म्हणजे जवळपासच्या शाळांचा गट) वर्गणी काढून मुलांच्या नावे ठेव केली. मदत झाली, पण वर्गणी म्हणजे निवृत्तिवेतन नव्हे.

‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा रस्त्यावर ऐकताना ज्यांना चीड येते त्यांनी अशा एका घरी जाऊन यावे.

‘संप करून मुलांचे नुकसान होते, मिळत काहीच नाही.’

दुसऱ्या भागापासून सुरू करतो. राज्य कर्मचारी आणि शिक्षकांचा संप १४ मार्च २०२३ ला सुरू झाला आणि २० मार्चला मागे घेतला. ३१ मार्चला शासननिर्णय निघाला : २००५ नंतरच्यांना लागू असलेल्या राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतल्या कर्मचाऱ्याचा सेवेत असताना मृत्यू झाला तर कुटुंब निवृत्तिवेतन आणि उपदान (ग्रॅच्युइटी). संप मिटल्यानंतर ११ दिवसांत. पुढे २ फेब्रुवारी २०२४ ला, ज्यांच्या भरतीची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी निघाली होती पण नेमणूक नंतर झाली, त्यांना जुन्या योजनेचा पर्याय मिळाला. मूळ मागणी पूर्ण झालेली नाही. पण ‘काहीच नाही’ हे धडधडीत खोटे आहे. आणि राज्य कर्मचाऱ्यांसाठी निघालेला निर्णय जिल्हा परिषद शिक्षकांना आपोआप लागू होतोच असे नाही; तो लागू करून घेण्यासाठी पुन्हा मंत्रालयापर्यंत पाठपुरावा करावा लागतो, ज्याची बातमी होत नाही.

मुलांचे नुकसान होते का? होते. सात दिवस वर्ग बंद राहणे ही किरकोळ गोष्ट नाही आणि परीक्षेच्या तोंडावर तर नाहीच. म्हणूनच संप हे शेवटचे पाऊल असते. आधी निवेदन, मग काळ्या फिती लावून शिकवणे, मग सुट्टीच्या दिवशी धरणे, मग मोर्चा, मग एक दिवसाची रजा. आंदोलनाच्या दिवसाचा पगार कापण्याचे आदेश निघतात आणि तरीही शिक्षक येतात. पहिल्या निवेदनाला उत्तर मिळाले असते तर पुढची पायरी आलीच नसती. शाळेच्या दिवसांत अधिवेशने भरवणे मात्र मलाही पटत नाही. दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत ती घेता येतात आणि तशीच घ्यावीत, हे मी संघटनेच्या बैठकीतही बोलतो.

आता नुकसानीची दुसरी बाजू. एखाद्या शाळेत चार पदे मंजूर आणि दोनच शिक्षक हजर, हे वर्षभर चालते. दोन-दोन वर्ग एका खोलीत बसतात, पहिलीच्या मुलाला अक्षर गिरवायला देऊन गुरुजी चौथीचा भागाकार घेतात. हे नुकसान सात दिवसांचे नाही, दोनशे दिवसांचे आहे. त्यावर असा मेसेज कधी फिरला नाही.

‘टीईटीला घाबरतात.’

सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ ला निकाल दिला : ज्यांची पाच वर्षांपेक्षा जास्त सेवा उरली आहे त्यांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे. त्याहून कमी सेवा उरलेल्यांना सूट, पण टीईटीशिवाय पदोन्नती नाही. २३ ऑगस्ट २०१० च्या ज्या अधिसूचनेने ही परीक्षा आली, तिच्यातच आधी नेमलेल्या शिक्षकांना ती लागू नव्हती. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी तेव्हाच्या सर्व अटी पूर्ण करून लागलेल्या माणसाला आता नोकरी जाण्याची टांगती तलवार दाखवणे अन्यायाचे आहे, ही संघटनेची भूमिका आहे आणि ती मांडण्याचा तिला हक्क आहे. त्याच वेळी आमच्या तालुक्यात रविवारी टीईटीचा अभ्यासवर्ग चालतो. पन्नाशीच्या बाई पुढच्या बाकावर बसून बालमानसशास्त्राचे प्रश्न सोडवतात आणि त्यांना शिकवतो तो तीन वर्षांपूर्वी लागलेला, टीईटी झालेला मुलगा. हे घाबरणे नव्हे.

‘सगळे ऑनलाइन आहे, संघटना कशाला?’

फेब्रुवारी २०१७ च्या धोरणाने जिल्हांतर्गत बदल्या ऑनलाइन झाल्या. वशिलेबाजी कमी झाली आणि ते चांगलेच झाले. पण संगणक भरलेली माहितीच वाचतो. पतीच्या शाळेचे अंतर चुकीचे नोंदले गेले, दुर्धर आजाराचे प्रमाणपत्र अमान्य झाले, अवघड क्षेत्राच्या यादीतून गाव वगळले गेले, तर आक्षेप मुदतीत आणि योग्य टेबलावर जायला हवा. लांबच्या वाडीवरच्या बाईंना शाळा बंद ठेवून जिल्ह्याला खेटे घालता येत नाहीत. ते काम संघटनेचा माणूस करतो.

सेवापुस्तक हा तसाच विषय. बारा वर्षांच्या सेवेनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी, चोवीस वर्षांनंतरची निवड श्रेणी, वेतननिश्चितीची पडताळणी, यातली एक नोंद राहिली तर ती निवृत्तीच्या वेळी वर येते आणि वसुली निघते. आम्ही दरवर्षी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून दिवस ठरवून घेतो आणि केंद्रनिहाय सेवापुस्तके तपासून घेतो. कुणाला कारणे दाखवा नोटीस आली तर रागाच्या भरात खुलासा लिहू नकोस, आधी नोटीस पाठव, असे सांगतो आणि खुलासा सोबत बसून लिहितो.

मोर्चा यातूनच उभा राहतो. जिल्ह्यातून तारीख आली की शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तालुक्याची बैठक होते, प्रत्येक केंद्राचा प्रतिनिधी आपल्या शाळांना फोन करतो, गाड्या ठरतात, ज्यांच्या घरी आजारपण आहे त्यांना मोकळे केले जाते. ग्रुपवर टाकलेल्या आदेशाने कोणी येत नाही. ज्याची वसुली थांबवली, जिच्या प्रसूती रजेचा पगार काढून दिला, ते येतात आणि शेजारच्या शाळेला घेऊन येतात.

‘पुढारी शिकवत नाहीत, आमदारकीसाठी धडपडतात.’

विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात मतदार माध्यमिक आणि त्यावरच्या शाळा-महाविद्यालयांतले शिक्षक असतात. राज्यघटनेच्या कलम १७१ मध्येच तसे आहे. प्राथमिक शिक्षकाला तिथे मतसुद्धा नाही. वर्गावर न जाणारे काही पुढारी आहेत, त्यांची तक्रार पालकांनी जरूर करावी. संघटनांची संख्याही नको इतकी वाढली आहे. शिक्षक पतसंस्थांच्या निवडणुकीत एकमेकांविरुद्ध पॅनेल लढवणारे मागण्यांसाठी एकत्र यायला फार वेळ लावतात आणि त्याचा फायदा सरकारला होतो. त्याचा राग माझ्यासारख्या कार्यकर्त्यालाही येतो.

‘गावाने गुरुजींना जाब विचारावा.’

जरूर विचारावा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, तो त्यांचा कायद्याने दिलेला अधिकार आहे. पुढच्या बैठकीत मुख्याध्यापकांकडे संच मान्यतेची प्रत मागा. मंजूर पदे किती, हजर शिक्षक किती, त्यातले निवडणुकीच्या किंवा दुसऱ्या कामावर किती, हे इतिवृत्तात लिहून घ्या आणि ठरावाची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा. ठराव लिहिताना आमची मदत लागली तर केंद्राच्या प्रतिनिधीला निरोप द्या, आम्ही येऊ.