ग्रँटला अर्ज करायच्या आधी कौन्सिलला विचारा, पैसे आल्यावर नको

आमच्या वॉशिंग्टन राज्यात, म्हणजे सिॲटलवालं, डीसी नव्हे, इथली बरीच शहरं दर हिवाळ्याआधी एक यादी मंजूर करतात, लेजिस्लेटिव्ह प्रायॉरिटीज म्हणतात तिला. जानेवारीत ऑलिम्पियाला, म्हणजे राज्याच्या राजधानीत, विधिमंडळाचं अधिवेशन सुरू झालं की आपलं शहर राज्याकडे काय मागणार, कुठल्या बिलाला विरोध करणार वगैरे. त्याच सुमाराला बजेटही चालू असतं. आणि ग्रँट्सचे, म्हणजे राज्य किंवा फेडरल सरकारच्या अनुदानांचे, अर्ज तर वर्षभर जातच असतात. हे तिन्ही विषय शहराच्या निवडून आलेल्या कौन्सिलसमोर एकत्र यायला पाहिजेत आणि ते येत नाहीत, आणि यात शहराचं खरंच नुकसान होतं असं माझं अगदी ठाम मत झालंय. आपल्या मराठी ग्रुपमध्ये व्हाइट हाउसवर तासन्तास चर्चा होते पण आपण भरतो त्या प्रॉपर्टी टॅक्सचं शहर काय करतं याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही, म्हणून मुद्दाम इथे लिहितेय.

आधी ग्रँट्सचं बघा. मी ज्या कौन्सिलच्या मीटिंगा ऐकते तिथे पद्धत अशी की स्टाफला एखादी ग्रँट निघाल्याचं कळतं, मुदत अगदी थोडी असते, ते घाईघाईत अर्ज टाकतात, मग कित्येक महिन्यांनी मंजुरीचं पत्र येतं आणि तेव्हा कुठे विषय कौन्सिलकडे येतो, तोही कन्सेंट अजेंडावर, म्हणजे आठ-दहा विषयांचा गठ्ठा एकाच मतात पास, चर्चा नाही. आता मंजूर झालेले पैसे परत करा असं कोण म्हणणार? खरा निर्णय अर्ज टाकला त्या दिवशीच होऊन गेलेला असतो, आणि तो निवडून आलेल्या कोणीच घेतलेला नसतो.

बरं ग्रँट म्हणजे फुकटचे पैसे असंही नाही. फेडरल सरकारची पोलीस भरतीची कॉप्स ग्रँट घ्या, ती नव्या पोलिसाच्या सुरुवातीच्या पगार-भत्त्यांचा जास्तीत जास्त 75 टक्के भाग देते, 3 वर्षं, आणि एका जागेमागे 1,25,000 डॉलरची कमाल मर्यादा. उरलेलं शहराने घालायचं, आणि ग्रँट संपल्यावर किमान 12 महिने ती जागा स्वतःच्या पैशाने चालू ठेवायची. त्यानंतर काय? माणसाला काढणार का? पार्कसाठी राज्याच्या रिक्रिएशन अँड कॉन्झर्वेशन ऑफिसकडून पैसे घेतले तर साधारण निम्मा वाटा शहराचा, आणि फेडरल लँड अँड वॉटर फंडाचे पैसे एकदा त्या जमिनीला लागले की ती जागा कायमची सार्वजनिक करमणुकीसाठीच ठेवावी लागते, दुसरं काही करायचं तर तोलामोलाची पर्यायी जागा द्या. अट चांगलीच आहे, मला मान्य आहे, पण कायमची अट आहे, ती कन्सेंट अजेंडावर पास होता कामा नये. शिवाय यातल्या बऱ्याच ग्रँट्स आधी खर्च करा मग बिल पाठवा अशा असतात, छोट्या शहराच्या हातात तेवढी रोकड कुठून असणार. आणि वर्षात फेडरल पैशांचा खर्च 10 लाख डॉलरच्या वर गेला की वेगळं सिंगल ऑडिट, म्हणजे त्या फेडरल पैशांची खास तपासणी, आलं (आधी ही मर्यादा साडेसात लाख होती), त्याची कागदपत्रं सांभाळायला फायनान्समध्ये माणूस लागतो, त्याचा पगार ग्रँटच्या हिशोबात कोणी धरत नाही.

स्टाफचं म्हणणं असतं की मुदत इतकी कमी असते की कौन्सिलकडे जायला वेळच नाही. अडचण खरी आहे, मी नाकारत नाही. पण त्यावर उपाय आहे. छोट्या रकमांसाठी सिटी मॅनेजरला, म्हणजे शहराचा कारभार बघणाऱ्या नेमलेल्या अधिकाऱ्याला, आधीच अधिकार देऊन ठेवा, आणि मोठ्या अर्जांसाठी फक्त एक पान भरून घ्या की शहराचा वाटा कुठल्या फंडातून येणार, पुढे देखभाल कोण करणार, पैसे संपल्यावर काय, आणि रिपोर्ट कोण लिहिणार. एवढं एक पान लिहिता येत नसेल तर तो अर्ज करूच नये. रस्त्यांसाठी तर कायद्याने दरवर्षी सहा वर्षांचा प्लॅन करावाच लागतो, मग अर्ज त्या प्लॅनमधून निघाले पाहिजेत. ग्रँट निघाली म्हणून प्लॅनमध्ये काम घुसवायचं हे उलटं झालं.

आता ऑलिम्पिया. अधिवेशन विषम वर्षात 105 दिवस, सम वर्षात फक्त 60. एका डिस्ट्रिक्टमधून 1 सेनेटर आणि 2 प्रतिनिधी, म्हणजे आपल्या शहरासाठी मनापासून भांडणारी माणसं बहुतेक वेळा तीनच. आणि त्यांच्या हातात आपण देतो काय, तर प्रत्येक कौन्सिल मेंबरच्या आवडीचा एकेक मुद्दा घालून फुगवलेली लांबलचक यादी! कोणी नाराज व्हायला नको म्हणून सगळ्यांचं सगळं. त्या सेनेटरला कसं कळणार की यातलं आपल्याला खरंच काय हवंय? माझ्या मते दोनतीन मागण्या पुरेत, ज्यासाठी मेयर स्वतः जाऊन बसेल अशा. बाकीच्या मुद्द्यांवर असोसिएशन ऑफ वॉशिंग्टन सिटीज सगळ्या शहरांच्या वतीने बोलतेच, त्यांना पाठिंबा द्यावा आणि पुढे जावं.

आणि त्या दोनतीनमध्ये एक मागणी मला दरवर्षी वरती बघायची आहे, ती म्हणजे 1 टक्क्याची मर्यादा. 2001 साली लोकांनी मतदान करून इनिशिएटिव्ह 747 पास केलं, 2007 मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने ते रद्द केलं आणि त्याच वर्षी विधिमंडळाने खास अधिवेशन घेऊन ती मर्यादा कायद्यात परत आणली. तेव्हापासून नवीन बांधकाम सोडलं तर शहराची नेहमीची प्रॉपर्टी टॅक्स वसुली लोकांच्या मताशिवाय वर्षाला 1 टक्क्याच्या वर वाढू शकत नाही. पगार, विमा, डांबर यातलं काय 1 टक्क्याने वाढतं सांगा? म्हणून तर शहरं ग्रँटच्या मागे धावतात, मूळ दुखणं तिथे आहे. माझंही घर आहे, टॅक्स मीही भरते, तरी मला हे पटतं, कारण ग्रँटने नवीन पार्क होतो पण त्यातलं गवत कापणारा माणूस जनरल फंडातूनच, म्हणजे शहराच्या रोजच्या खर्चाच्या पैशातूनच, येतो. पण ही मागणी कंटाळवाणी आहे, तिचं उद्घाटन होत नाही, आमदारांनाही नको असते, त्यामुळे ती यादीत तळाला जाते आणि वरती येते कुठलीतरी इमारत, राज्याच्या कॅपिटल बजेटमधून, म्हणजे बांधकामांच्या बजेटमधून मागायला.

इमारत मागूच नका असं नाही हं. पण जे काम कॅपिटल बजेटमध्ये मागताय त्याचाच ग्रँटचा अर्जही गेलाय का हे कौन्सिलला माहीत पाहिजे, कारण एकीकडचे पैसे बऱ्याचदा दुसरीकडे आपला वाटा म्हणून दाखवता येतात, आणि हे गणित नीट जुळवलं तर शहराचा स्वतःचा खर्च खूप कमी होतो. न जुळवता दोन डिपार्टमेंट दोन दिशांना गेली तर आमदार विचारतो की तुमचं नक्की ठरलंय का, आणि त्याने का विचारू नये?

इथे राहणाऱ्यांना एक सांगते. शहर लॉबिइंगवर किती खर्च करतं याचे तिमाही रिपोर्ट पब्लिक डिस्क्लोजर कमिशनकडे जातात, ते कोणालाही बघता येतात, बघा एकदा. आणि 2022 पासून कायदा असा आहे की ज्या नेहमीच्या मीटिंगमध्ये अंतिम निर्णय होणार तिथे किंवा त्याआधी लोकांना बोलायची संधी द्यावीच लागते, लेखी पाठवलं तरी चालतं. त्यामुळे ही यादी यंदा कौन्सिलसमोर येईल तेव्हा मेल करा, चार ओळी बास आहेत, फक्त एवढंच विचारा की सध्या शहराचे कुठले कुठले ग्रँट अर्ज गेलेत, प्रत्येकात आपला वाटा किती, आणि त्यातलं काय या यादीत आहे. मी माझा मेल मराठी ग्रुपवर टाकते, हवा तर तोच बदलून वापरा.