स्तंभालेखात आधी अक्ष वाचावा

मी शाळेत गणित शिकवते. स्तंभालेखाचा धडा आपण फार सोपा मानतो, असे मला दरवर्षी वाटते. आलेख कागदाच्या कोपऱ्यात प्रमाण लिहायचे, सारख्या रुंदीचे स्तंभ सारख्या अंतरावर काढायचे, की पैकीच्या पैकी गुण मिळतात. तो वाचायचा कसा, यासाठी मात्र एखादी तासिकाही मिळत नाही.

यंदा मी वर्गात महाराष्ट्रातील 0 ते 6 वयोगटाचे लिंग गुणोत्तर घेतले. जनगणनेनुसार दर 1000 मुलग्यांमागे 2001 मध्ये 913 मुली होत्या आणि 2011 मध्ये 894. 1 सेमी = 100 या प्रमाणाने स्तंभ 9.13 आणि 8.94 सेमी उंच येतात. जेमतेम 2 मिमीचा हा फरक पेन्सिलच्या रेघेत हरवून जातो. काहींनी मग उभा अक्ष 880 पासून सुरू केला, तेव्हा स्तंभ 33 आणि 14 एककांचे झाले आणि दहा वर्षांत मुली निम्म्याहूनही कमी उरल्या असे चित्र दिसू लागले. आकडे तेच होते.

स्तंभालेखात अर्थ असतो तो स्तंभाच्या लांबीत. स्तंभालेखाचे जनक मानले जाणारे विल्यम प्लेफेअर यांनी 1786 मध्ये स्कॉटलंडचा 17 देशांशी असलेला व्यापार स्तंभांनी दाखवला, कारण त्यांच्याकडे एकाच वर्षाचे आकडे होते आणि कालानुक्रमे रेषा काढता येत नव्हती. रेषेत आपण चढउतार पाहतो, त्यामुळे तिचा अक्ष मधूनही सुरू होऊ शकतो. स्तंभ बुडातून छाटला की तुलनाच खोटी ठरते.

पण शून्यापासून काढलेला खरा आलेख इतक्या गंभीर गोष्टीवर गप्प बसतो, हे मला मान्य होईना. माझ्या मते अशा वेळी अक्ष नव्हे, मोजायची राशी बदलावी. निसर्गतः दर 1000 मुलग्यांमागे साधारण 950 मुली जन्मतात; ते धरले तर मुलींची तूट, म्हणजे 950 ला जितक्या मुली कमी पडतात ती संख्या, 37 वरून 56 वर जाते आणि शून्यापासून काढलेला दुसरा स्तंभ प्रामाणिकपणे दीडपट उंच दिसतो. बीड जिल्ह्यात हेच गुणोत्तर 894 वरून 807 वर आले, म्हणजे तूट 56 वरून 143 झाली. तो स्तंभ फळ्यावर उभा राहिला तेव्हा वर्ग शांत झाला होता.

एका विद्यार्थिनीने विचारले, “बाई, 950 ऐवजी 1000 धरले तर?” मग राज्याची तूट 87 आणि 106 येते, आणि वाढ पुन्हा लहान दिसते. म्हणून तूट कशापासून मोजली, हे तिने आलेखाच्या शीर्षकातच लिहिले.