लांडग्याला अळी म्हणणारी माणसं

तुर्कस्तानात ‘बोझकुर्त’, म्हणजे करडा लांडगा, हा राष्ट्राभिमानाचा विषय. १९२७च्या नोटांवरही तो होता. तुर्कांचा वंश एका लांडगीपासून वाढला अशी जुनी दंतकथाच आहे. पण या ‘कुर्त’चा आधीचा अर्थ अळी! आजही तिथे सफरचंदातल्या अळीला ‘एल्मा कुर्दू’ म्हणतात.

लांडग्यासाठी जुना तुर्की शब्द ‘बोरी’. कझाक, किरगीझ, उझ्बेक या तुर्की कुळातल्या भाषा बोलणाऱ्या लोकांनी तो थोड्याफार फरकाने टिकवला. ओगुझ टोळ्यांनी, म्हणजे आजच्या तुर्क आणि अझरबैजानी लोकांच्या पूर्वजांनी, तो सोडला. ही अलीकडची गोष्ट नव्हे. महमूद अल-काशगरीने १०७०च्या दशकात बगदादमध्ये तुर्की बोलींचा कोश रचला, त्यातच ओगुझ लांडग्याला ‘कुर्त’ म्हणतात अशी नोंद आहे.

का सोडला असेल? ज्याची सगळी दौलत मेंढरांत, तो रात्री लांडग्याचं नाव कशाला घेईल? नाव घेतलं की तो येतो. मग त्याला किडा म्हणायचं, हलकं करायचं. ‘कुर्त’ फारसी ‘गुर्ग’वरून आला असंही एक मत आहे. मला ते पटत नाही. अळीला ‘कुर्त’ म्हणणं तुर्की भाषांत दूरवर पसरलेलं आहे, आणि भीतीपोटी नाव बदलल्याचे दाखले तर पुष्कळ. सैबेरियातल्या साखा भाषेत अस्वल म्हणजे ‘एहे’. त्याचा दुसरा अर्थ आजोबा! (आपला वाघोबा आठवला ना?)

अझरबैजानी लोकांची तर कमालच. त्यांनी पुढे ‘कुर्त’च्या जोडीला लांडग्यासाठी ‘जानावार’ घेतला. फारसीतून आलेला, आपल्या ‘जनावर’चा सख्खा भाऊ. तुर्कस्तानात त्याच शब्दाचा राक्षस झाला. आणि कोकणात? तिन्हीसांजेला कुणी “पडवीत जनावर आहे गो!” असं ओरडलं तर म्हातारी गोठ्याकडे बघत नाही, आधी पाय वर घेते. साप म्हणायचं नाही, लांबडं म्हणायचं किंवा जनावर. बाकूच्या मेंढपाळाशी आपला काही संबंध नाही, तरी दोघांनी एकच शब्द एकाच कामाला लावला.

म्हणून शब्दांच्या कुळकथांमधून कुणी वंशाचा पराक्रम सांगू लागला की मला जरा हसू येतं. ‘बोझकुर्त’ म्हणून छाती फुगवणाऱ्यांचा शब्द घाबरलेल्या धनगरांनी घडवलाय. मला तर ते धनगरच जास्त आवडतात.