गोळी नको, काढा घ्या!

लिपिड प्रोफाइलच्या रिपोर्टमध्ये एलडीएलचा, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉलचा, आकडा ठळक अक्षरांत आलाय? डॉक्टरांकडे मुळीच धावू नका. ते स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, लिहून देणार, आणि 'ती गोळी एकदा लागली की सुटत नाही' हे सोसायटीच्या ग्रुपवर केव्हाच सिद्ध झालंय. (रात्रीच्या फरसाणाचंही तेच आहे म्हणा, पण त्यावर फॉरवर्ड येत नाही.)

गुग्गुळापासून सुरुवात करा. 2003 साली अमेरिकेत गुग्गुळाच्या अर्काची रीतसर चाचणी झाली. आठ आठवड्यांत अर्क घेणाऱ्यांचं एलडीएल चार-पाच टक्क्यांनी चढलं आणि बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांचं पाच टक्क्यांनी उतरलं. काहींच्या अंगावर पुरळही उठलं. तुम्ही डगमगू नका. परदेशी पोटाला आपलं औषध कसं मानवणार?

मग लसूण, हळद, दालचिनी आहेच. 2022 साली या तिघांच्या कॅप्सूल, शिवाय फिश ऑइल वगैरे, 5 मिलिग्रॅम रोसुवास्टॅटिन या स्टॅटिनच्या गोळीसमोर उभे केले. 28 दिवसांत गोळीने एलडीएल सुमारे 38 टक्के उतरवलं. बाकीच्यांपैकी एकानेही बिनऔषधाच्या गोळीपेक्षा धड काही जास्त केलं नाही. लसणाच्या गटात तर एलडीएल बिनऔषधाच्या गटापेक्षा वरच राहिलं. चटणीतला लसूण मात्र बिचारा निर्दोष आहे, त्याने कधी काही कबूलच केलं नव्हतं.

खरी मौज रेड यीस्ट राइसमध्ये, म्हणजे लाल बुरशीने आंबवलेल्या तांदळात. त्यातलं मोनाकोलिन के म्हणजे रासायनिकदृष्ट्या लोवास्टॅटिनच. म्हणजे स्टॅटिनला भिऊन तुम्ही स्टॅटिनच घेणार, फक्त किती ते तुम्हालाही ठाऊक नाही आणि बऱ्याचदा डबीलाही नाही. 2024 साली जपानात अशाच आंबवलेल्या तांदळाच्या, तिथल्या भाषेत लाल कोजीच्या, गोळ्या खाऊन कित्येकांची मूत्रपिंडं बिघडली. पण 'नैसर्गिक' ना, मग झालं!

डबीवर बारीक अक्षरांत 'औषधी वापरासाठी नाही' असं छापलेलं असेल, तर त्यासाठी चष्मा शोधत बसू नका. इसबगोलाच्या वाटेला तर जाऊच नका. त्याने एलडीएल थोडं का होईना, खरंच उतरतं, पण किराणा दुकानातल्या पुड्याला कसलं आलंय तेज?

डॉक्टरांनी 'काही चालू आहे का?' विचारलं, तर 'छे, काही नाही' म्हणा. हर्बल थोडंच मोजायचं असतं! तीन महिन्यांनी आकडा उतरला, तर श्रेय काढ्याला द्या, मधल्या काळात बंद पडलेल्या फरसाणाला नाही. चढला, तर लॅब बदला.